तेर्स, लादीन आणि ओवी

तेरेखोलच्या खाडीपलीकडे, गोमंतकात, १६१६ साली फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापून निघाले, आणि १६२९ साली एत्येन द ला क्रुवा या फ्रेंच जेजुइटाने संत पीटरचे चरित्र मराठी ओव्यांत प्रसिद्ध केले. ज्या छंदात ज्ञानेश्वरांनी आणि एकनाथांनी निरूपण केले, त्याच छंदाचा परकीय धर्मोपदेशकांनी संतकथेसाठी आश्रय करावा, ही मराठीच्या सामर्थ्याची थोर साक्ष होय. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने देशी भाषेविरुद्ध फर्मान काढले. परंतु भक्तीची भाषा हुकुमाने लोपत नाही.

गोव्यातून सावंतांच्या मुलखात आणि मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर येऊन स्थिरावलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी, तिन्हीसांजेला वेदीवर मेणबत्ती लावून, गुडघे टेकून, माळेचे मणी दहादहांनी ओढीत तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणण्याचा, आणि वाड्यावरच्या कुरसाला, म्हणजे क्रुसाला, फुलांच्या माळा घालून लादीन, म्हणजे संतांच्या नावांची विनवणी, गाण्याचा परिपाठ पिढ्यानुपिढ्या निष्ठेने चालविला. एकाने संताचे नाव उच्चारावे आणि साऱ्या समुदायाने एकमुखाने विनवणी करावी, अशी त्या गायनाची रीत. २००५ साली सिंधुदुर्ग हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला खरा, तथापि त्याचा पाया या घरगुती प्रार्थनेने केव्हाच घातला होता.