घाटाच्या अलीकडे : पहूर आणि पदवीची वाट

विद्यार्थ्याने कोणती पदवी घ्यावी हे त्याच्या आवडीने आणि बुद्धीने ठरते, असा समज शिक्षणविषयक लेखनात इतका रुळलेला आहे की, या निवडीला स्वतःचा भूगोल असतो आणि तो भूगोल शासनाच्या नियमांनी वेळोवेळी बदलत गेला, ही बाब सहसा नजरेआड राहते. खानदेशापुरते पाहिले तर पदवीची निवड ही दीर्घकाळ मुळात गावाची, रस्त्याची आणि अधिकारक्षेत्राची निवड होती. अधिकारक्षेत्र म्हणजे एखाद्या विद्यापीठाला ज्या जिल्ह्यांतील महाविद्यालये जोडलेली असतात तो प्रदेश. जामनेर तालुक्यातील पहूर हे वाघूर नदीकाठचे, पेठ आणि कसबे अशा दोन भागांत वसलेले गाव हा इतिहास समजून घेण्यासाठी विशेष उपयोगी आहे. कारण ते एका सीमेच्या अगदी जवळ आहे आणि त्या सीमेचा अर्थ शंभर वर्षांत अनेकदा पालटला आहे.

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले आणि त्याची पहिली मॅट्रिक्युलेशन, म्हणजे विद्यापीठात प्रवेश देणारी परीक्षा १८५९ मध्ये झाली. तिला बसलेल्या १३२ उमेदवारांपैकी केवळ २२ उत्तीर्ण झाले आणि त्यांत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होते. त्या काळी प्रवेशासाठी चढाओढ अशी नव्हतीच. जो मॅट्रिक झाला त्याला जागा होती, आणि गाळणी लागत असे ती त्याच्या आधी, इंग्रजी शाळा गावापासून किती लांब आहे या प्रश्नाशी. मॅट्रिक झालेला खानदेशी मुलगा पुढे शिकणार म्हणजे मुंबईला किंवा पुण्याला जाणार, हे गृहीतच होते.

पहूर मात्र वाहतुकीच्या दृष्टीने आडबाजूला नव्हते. पाचोरा ते जामनेर ही अरुंद मापाची रेल्वे, जिला परिसरातील लोक ‘पीजे’ म्हणत, पहूरवरून जात असे आणि पाचोऱ्याला तिचा प्रवासी मुंबईच्या मुख्य मार्गावर चढत असे. अजिंठ्याची लेणी पाहायला येणाऱ्यांनाही पहूर हे स्थानक सोयीचे होते. दक्षिणेकडे फर्दापूर लागले की ब्रिटिश मुलूख संपून निजामाचे राज्य सुरू होत असे. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले, तेव्हा पहूर पूर्व खानदेशात राहिले आणि त्याच्या शैक्षणिक वाटा जळगाव, पुणे व मुंबई अशा लागल्या. अजिंठ्याच्या घाटापलीकडच्या मुलाची वाट हैदराबादकडे जात होती, जिथे १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उर्दू माध्यमातून उच्च शिक्षण दिले जात होते. काही कोसांच्या अंतरावर राहणाऱ्या दोन मुलांना पदवी वेगळ्या भाषेतून, वेगळ्या राजधानीत आणि वेगळ्या नोकरीच्या आशेने घ्यावी लागे, ही वस्तुस्थिती खानदेशाच्या शिक्षणाच्या इतिहासात पुरेशी नोंदली गेलेली नाही.

खानदेशात पदवीचे शिक्षण घरच्या आवाक्यात आले ते १९४५ मध्ये, जेव्हा जळगावला मूळजी जेठा महाविद्यालय आणि अमळनेरला प्रताप महाविद्यालय सुरू झाले. अमळनेरला याची पूर्वतयारी झालेली होती : प्रताप शेठ यांच्या दातृत्वातून तेथे तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले होते, आणि साने गुरुजींनी १९२४ ते १९३० या काळात तेथील प्रताप हायस्कूलमध्ये शिकवताना छात्रालयाची जबाबदारीही सांभाळली होती. छात्रालय, म्हणजे बाहेरगावच्या मुलांच्या राहण्याजेवणाची सोय, हा त्या काळच्या शिक्षणातील निर्णायक घटक होता. ज्या शहरात राहायला खोली किंवा बोर्डिंग मिळेल त्या शहरात जे शिकवले जाते ते शिकायचे, असा निवडीचा क्रम होता.

१९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाल्यावर खानदेशातील दोन्ही जिल्हे त्याच्या अधिकारक्षेत्रात आले. अकरावीनंतरची एस.एस.सी., त्यापुढे महाविद्यालयाची पहिली वर्षे आणि इंटर, अशी त्या काळची चढण होती. इंटर सायन्सला गणित घेणारा ‘ए ग्रुप’ अभियांत्रिकीकडे आणि जीवशास्त्र घेणारा ‘बी ग्रुप’ वैद्यकाकडे वळत असे, त्यामुळे आयुष्याचा निर्णय आजच्यापेक्षा एक-दोन वर्षे उशिरा आणि महाविद्यालयाची हवा खाल्ल्यानंतर होत असे. ही सवलत विद्यार्थ्यांच्या हिताची होती, असे मागे वळून पाहताना म्हणावे लागते. याच काळात कला शाखेकडेही कर्तृत्ववान विद्यार्थी जात होते. पुढे राष्ट्रपती झालेल्या प्रतिभा पाटील यांनी मूळजी जेठा महाविद्यालयातून पदव्युत्तर पदवी घेतली आणि कायद्याच्या पदवीसाठी मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय गाठले. यावल तालुक्यातील सांगवीच्या भालचंद्र नेमाडे यांनी पुण्याला शिक्षण घेतले, आणि १९६३ च्या ‘कोसला’ या त्यांच्या कादंबरीत खानदेशातून पुण्याला शिकायला गेलेल्या पांडुरंग सांगवीकराची पदवीशिवाय झालेली परतणी मराठी वाचकांसमोर आली.

पहूरसारख्या गावाला जळगावशी जोडले ते एस.टी.ने, जिची सेवा १९४८ मध्ये सुरू झाली. जळगाव सुमारे चाळीस किलोमीटरवर असल्याने पासावर रोज जाऊन-येऊन शिकणे शक्य झाले, आणि जी मुले शहरात खोली करून राहिली त्यांच्यासाठी सकाळच्या गाडीने घरचा डबा जाऊ लागला. नाव लिहिलेल्या पिशवीत भाकरी, भाजी, ठेचा घालून ती वाहकाच्या हाती द्यायची आणि मुलाने बसस्थानकावर जाऊन ती उतरवून घ्यायची, ही रीत ग्रामीण महाराष्ट्रात सर्वत्र होती. ज्या शहरापर्यंत डबा पोहोचतो तिथली पदवी परवडते आणि जिथे तो पोहोचत नाही तिथली खाणावळीच्या खर्चामुळे परवडत नाही, हा हिशेब कोणत्याही प्रवेश पुस्तिकेत लिहिलेला नव्हता, तरी शेतकरी कुटुंबांच्या निर्णयावर त्याचा भार सर्वांत मोठा होता. यशवंतराव चव्हाणांच्या काळात आलेल्या ई.बी.सी. सवलतीने, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांच्या मुलांच्या फीमाफीने, त्यातील फीचा प्रश्न सोडवला. राहण्याजेवणाचा मात्र तसाच राहिला.

सत्तरच्या दशकात दहा अधिक दोन ही रचना आली, १९७५ मध्ये दहावीची नवी परीक्षा झाली आणि शाखेचा निर्णय पंधरा-सोळाव्या वर्षी अकरावीच्या दारात येऊन बसला. बारावीचे गुण हीच प्रवेशाची मोजपट्टी ठरल्याने स्पर्धा हा शब्द आता घराघरात पोहोचला. वसंतदादा पाटील यांच्या सरकारने १९८३ मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी केली आणि त्याच वर्षी जळगावजवळ बांभोरीला असे महाविद्यालय सुरू झाले. पुढे उन्नीकृष्णन खटल्यातील १९९३ च्या निकालानंतर ‘फ्री सीट’ आणि ‘पेमेंट सीट’ हे शब्द पहूरच्या पेठेतही बोलले जाऊ लागले : पहिली गुणांवर, कमी फीची, दुसरी तशीच गुणांवर, पण कितीतरी पट फीची.

१५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले, ज्याला २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळाले. स्वतःचे विद्यापीठ ही खानदेशाची रास्त मागणी होती आणि या विद्यापीठाने परीक्षा, निकाल, प्रमाणपत्रे यांसाठीची पुण्याची वारी थांबवली. त्याचा दुसरा परिणाम मात्र कमी चर्चिला गेला. अभियांत्रिकीच्या केंद्रीय प्रवेशात बहुतेक महाविद्यालयांतील जागांपैकी सत्तर टक्के जागा त्या त्या महाविद्यालयाच्या विद्यापीठाच्या अधिकारक्षेत्रातून बारावी झालेल्यांसाठी राखल्या जात, ज्याला ‘होम युनिव्हर्सिटी’ म्हणत, आणि उरलेल्या तीस टक्के बाहेरच्यांसाठी असत. पुण्याच्या क्षेत्रात असेपर्यंत जो खानदेशी विद्यार्थी पुण्याचा घरचा होता, तो आता या व्यवस्थेत तिथे बाहेरचा ठरला. बांभोरीत त्याचा हक्क वाढला आणि पुण्यात तो आक्रसला.

वैद्यकीय शिक्षणात हीच गोष्ट अधिक तीव्रतेने घडली. धुळ्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ मध्ये आणि जळगावला २०१८ मध्ये आले. त्याआधी पहूरच्या सर्वांत जवळच्या मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयांपैकी एक म्हणजे १९५६ चे औरंगाबादचे, घाट चढून गेले की थेट एका रस्त्यावर असलेले. पण ते मराठवाड्यात होते आणि सत्तर-तीसच्या विभागीय सूत्रानुसार तिथल्या सत्तर टक्के जागा मराठवाड्यातील विद्यार्थ्यांच्या होत्या. जळगाव जिल्हा ‘उर्वरित महाराष्ट्रा’त मोडत असल्याने पहूरच्या विद्यार्थ्याला मुंबई, पुणे, मिरज यांची दारे खुली आणि शेजारचे दार अर्धवट लोटलेले, अशी स्थिती होती. निजामाचे राज्य १९४८ मध्ये संपले, तरी प्रवेशाच्या यादीत त्याची हद्द या रूपाने उरली. मराठवाडा हा वैद्यकीय सोयींच्या बाबतीत खरोखरच मागे ठेवला गेलेला प्रदेश होता आणि त्याला संरक्षण मिळणे न्याय्य होते, हेही इथे नोंदवले पाहिजे. ते सूत्र राज्य शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये रद्द केले.

तोवर मोजपट्टीही बदलली होती. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस वैद्यकीय आणि पुढील काही वर्षांत अभियांत्रिकी प्रवेशासाठी सी.ई.टी., म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षा आली आणि २०१७ पासून राज्यातील सर्व वैद्यकीय प्रवेश देशपातळीवरील ‘नीट’ परीक्षेवर गेले. बारावीच्या गुणांचे वजन उतरले तसा शिकवणी वर्गांचा भाव चढला, आणि खानदेशातील मुले दोन वर्षांसाठी लातूर, नांदेड किंवा राजस्थानातील कोटा येथे जाऊ लागली. पूर्वी पदवीसाठी गाव सोडावे लागे. आता पदवीच्या अर्जासाठी सोडावे लागते. अर्जाची तयारी म्हणजे तरीही केवळ अभ्यास नव्हे. जातीचा दाखला, जात पडताळणी, नॉन-क्रिमिलेयर, उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र अशी कागदपत्रे जामनेरच्या तहसीलमधून आणि जिल्ह्याच्या कार्यालयांतून वेळेत मिळवणे, आणि मग ‘ऑप्शन फॉर्म’ भरणे, म्हणजे महाविद्यालये व शाखा पसंतीच्या क्रमाने मांडणे, यांत एक चूक झाली तरी चांगले गुण वाया जातात. ज्या घरात आधी कोणी या वाटेने गेलेले नाही, तिथे हे ज्ञान गावातील सायबर कॅफेच्या चालकाकडून किंवा वरच्या वर्गातल्या मुलाकडून येते, आणि शिक्षणातील विषमतेचा सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे.

अलीकडच्या वर्षांत वाट आणि नियम दोन्ही पुन्हा बदलले. मार्च २०२० मध्ये ‘पीजे’ थांबली. २०२४ मध्ये राज्य शासनाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी पूर्णपणे माफ केली, आणि २०२५ मध्ये अकरावीचे ऑनलाइन केंद्रीय प्रवेश, जे तोवर काही मोठ्या शहरांपुरते होते, संपूर्ण राज्याला लागू झाले. त्यामुळे पहूरमध्ये दहावी झालेल्या मुलीलाही आता जास्तीत जास्त दहा महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरावा लागतो, आणि तो भरताना तिच्या घरात आजही आधी पाहिले जाते ते सकाळची एस.टी. कोणत्या महाविद्यालयाच्या वेळेला पोहोचते.