रक्तगट, साखर आणि सदतीस अंश

भाताच्या पातळ पेजेत टिंक्चर आयोडिनचा एखादा थेंब टाकला, की पेज निळी होते. ही परीक्षानळी आता गरम पाण्यात धरा. निळा रंग फिका होत होत नाहीसा होतो. नळी थंड पाण्यात ठेवली, की तो परत येतो. (पेज उकळू मात्र देऊ नये, आयोडिन उडून जाते.) स्टार्चच्या वेटोळ्यात शिरलेले आयोडिन उष्णतेने सुटते आणि गारव्यात पुन्हा अडकते. हा प्रयोग कनेरगाव नाक्याच्या वर्गातही सहज होईल. रेणूंच्या अशाच जोडण्या-सुटण्यावर रक्तगटांचा इतिहास उभा आहे आणि त्यातले एक मोलाचे पान मुंबईत लिहिले गेले.

एका माणसाचा रक्तरस (सीरम) दुसऱ्याच्या तांबड्या पेशींत मिसळला, तर कधी कधी पेशींचे पुंजके होतात. हे पाहून कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली व्हिएन्नात रक्तगट मांडले. रक्तरसातील प्रतिद्रव्ये ही प्रथिने पेशींच्या पृष्ठभागावरील ठरावीक रेणूंना पकडतात, म्हणून पुंजके होतात. १९०३ साली त्यांनी थंडीत पेशी एकत्र आणणाऱ्या प्रतिद्रव्यांचे वर्णन केले. पुढे १९२५ साली त्यांनी मिलर यांच्यासह पेशींना चिकटलेली प्रतिद्रव्ये ५६ अंश सेल्सियसला तापवून सोडवून घेतली.

असे का होते? पुष्कळ प्रतिद्रव्यांचा रेणूशी संयोग होताना उष्णता बाहेर पडते. ल शातेलिए यांच्या तत्त्वानुसार अशा मिश्रणाला बाहेरून उष्णता दिली, तर क्रिया उलट दिशेला सरकते, म्हणजे जोडी सुटू लागते. मात्र सगळी प्रतिद्रव्ये सारखी नसतात. शर्करेला पकडणारी अनेक प्रतिद्रव्ये थंडीत जोमदार असतात, तर आर-एच या प्रथिनाविरुद्धची प्रतिद्रव्ये शरीराच्या तापमानाला उत्तम काम करतात.

१९५२ साली मुंबईतील वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांना तीन व्यक्तींच्या रक्ताने कोड्यात टाकले. पेशींवर 'ए' नाही, 'बी'ही नाही. म्हणजे गट 'ओ' म्हणायचा. पण त्यांचा रक्तरस 'ओ' गटाच्या पेशींचेही पुंजके करत होता! लंडनच्या रेस, सँगर, मॉर्गन आणि वॉटकिन्स यांच्यासह या संशोधकांनी त्याच वर्षी 'लॅन्सेट'मध्ये ही माहिती प्रसिद्ध केली. 'ए' आणि 'बी' हे रेणू ज्या पायावर बांधले जातात, तो 'एच' नावाचा पायाच या व्यक्तींच्या पेशींवर नव्हता. 'ओ' पेशींवर तो भरपूर असतो. फ्यूकोज ही साखर त्याचा मुख्य भाग आहे, हे मॉर्गन व वॉटकिन्स यांनी वाम माशाच्या रक्तरसावरील प्रयोगांतून त्याच वर्षी दाखवले. नव्या गटाला पुढे 'बॉम्बे रक्तगट' हे नाव पडले.

येथे तापमान निर्णायक ठरते. 'ए' गटाच्या काही माणसांतही 'एच'विरोधी प्रतिद्रव्य असते. ते थंडीत पेशींना पकडते, पण ३७ अंशांना सोडून देते. त्यामुळे सहसा अपाय होत नाही. बॉम्बे गटातील प्रतिद्रव्य मात्र ३७ अंशांनाही पकड सोडत नाही. अशा रुग्णाला 'ओ' रक्त दिले, तर त्या पेशी शरीरातच फुटतात आणि रुग्णाचा जीव जाऊ शकतो. फक्त बॉम्बे गटाचेच रक्त त्याला चालते.

भारतात या गटाचे प्रमाण ढोबळमानाने १०,००० त एक मानतात. २०११ च्या जनगणनेत हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ११ लाख ७७ हजार होती. हे प्रमाण येथेही धरले, तर जिल्ह्यात शंभराहून अधिक माणसे या गटाची निघतील. प्रमाण सर्वत्र सारखे नसते, तरी संख्या दुर्लक्ष करण्याजोगी नाही. फक्त 'ए' आणि 'बी' तपासले, तर यांतील प्रत्येकाच्या कार्डावर 'ओ' असेच लिहिले जाईल. म्हणून रुग्णाचा रक्तरस ज्ञात 'ओ' पेशींशी ताडून पाहतात आणि रक्त देण्यापूर्वी दात्याच्या पेशी व रुग्णाचा रक्तरस ३७ अंशांना जुळवून पाहतात.

वर्गात रक्तगट शिकवताना तक्त्याबरोबर पेजेचा प्रयोगही दाखवावा. रेणू एकमेकांना पकडतात का, एवढे विचारून भागत नाही. कोणत्या तापमानाला, हेही विचारावे लागते, हे विद्यार्थ्यांना त्यातून डोळ्यांनी दिसेल.