मोरिस फार्ग आणि १२० मीटरवरची सही

पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली मोकळं पोहता येईल असं यंत्र १९४३ साली फ्रान्समध्ये कूस्तो आणि गान्यां यांनी तयार केलं. ते लावून माणूस किती खोल जाऊ शकतो, हे मात्र जीव धोक्यात घालूनच शोधावं लागलं.

१७ सप्टेंबर १९४७. तुलाँजवळच्या समुद्रात फ्रेंच नौदलाचा मोरिस फार्ग एकटा उतरला. खाली सोडलेल्या दोराला पाट्या बांधलेल्या होत्या. पोहोचेल त्या पाटीवर सही करायची आणि ‘मी ठीक आहे’ म्हणून हिसका द्यायचा, असं ठरलं होतं. हिसके थांबले. वर ओढलं तेव्हा तोंडातली नळी छातीवर लोंबत होती. फार्ग वाचला नाही. त्याची सही १२० मीटरवरच्या पाटीवर मिळाली.

झालं काय? हवेत चार-पंचमांश नायट्रोजन असतो. खोलवर दाब वाढला की तोच दारूसारखा चढतो, हे अमेरिकी नौदलाच्या अल्बर्ट बेन्के यांच्या गटानं १९३५ सालीच सांगितलं होतं. १२० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या तेरापट!

आपलं काहीतरी बिघडतंय हे ओळखणारी बुद्धीच इथे आधी मंदावते. कित्येकांना तर उलट मजा वाटते. हिसका थांबल्याचं वर कळतं, पण तोवर उशीर झालेला असतो. तोल जाताना बघायला माणूस शेजारीच हवा. अंदमानात किंवा तारकर्लीला डायव्हिंगला गेलात, तर जोडीदाराचा हात सोडू नका.