वर्गातील मनकवडेपणाचे प्रात्यक्षिक

दुसऱ्याचे मन ओळखण्याचा दावा किती सोप्या युक्तीवर उभा असतो, हे वर्गातच दाखवून देणाऱ्या प्रयोगांत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बर्ट्राम फोरर यांच्या १९४८ मधील प्रात्यक्षिकाचे स्थान फार वरचे आहे. फोरर यांनी ३९ विद्यार्थ्यांकडून एक चाचणी भरून घेतली आणि आठवड्याने प्रत्येकाच्या हाती त्याचे म्हणून एक व्यक्तिचित्र दिले. प्रत्यक्षात तो मजकूर सर्वांना एकच होता, आणि त्यातील बराचसा भाग बाजारातील ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला होता. माणूस बाहेरून संयमी दिसला तरी मनातून साशंक असतो, अशी कोणालाही लागू पडणारी विधाने त्यात होती. तरीही त्या वर्णनाला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. भविष्य सांगणाऱ्यांचे बहुतेक कसब याच मोघमपणात असते. पुढे पहिले विधान मोठ्याने वाचून, ते कोणाकोणाच्या कागदावर आहे असे विचारताच वर्गातील सगळे हात वर झाले. गुपित त्याच वर्गात उघड करण्याचा हा प्रामाणिकपणाच या प्रात्यक्षिकाला भोंदूगिरीपासून वेगळे करतो. सर्वांना लागू पडणारे वर्णन स्वतःचे मानण्याच्या या प्रवृत्तीला पुढे ‘बार्नम परिणाम’ हे नाव मिळाले. ते मानसशास्त्रज्ञ पॉल मील यांच्या १९५६ मधील लेखामुळे रूढ झाले.