कानशीला जागा नाही

सायकलच्या इतिहासात चाकाचं कौतुक होतं, हवा भरलेल्या टायरचं होतं. दोन क्रँकच्या मधला एक्सल मात्र कुणाच्या गणतीत नसतो. आम्ही दुरुस्तीवाले त्या सगळ्या जागेला बीबी म्हणतो, आणि गिऱ्हाइकाशी वाद होतात ते बहुतेक तिथलेच.

उंच चाकाच्या जुन्या सायकलींना बीबी नव्हताच. पायंडल थेट पुढच्या चाकाच्या आसाला. १८८५ साली कॉव्हेंट्रीत जॉन केम्प स्टार्लीची रोव्हर आली, चेनने मागचं चाक फिरू लागलं, आणि क्रँकसाठी फ्रेममध्ये वेगळी नळी ठेवावी लागली.

पुण्यात आमच्या अण्णांनी दुकान टाकलं ते काळ्या सायकलींच्या जिवावर. हर्क्युलिस, ॲटलस, हीरो, कुठलीही उलटी करा, आत मामला एकच: दोन वाट्या, दर बाजूला पाव इंची ११ छर्रे, भरपूर ग्रीस. उजव्या वाटीचे आटे उलटे. नवा पोऱ्या हमखास ती भलत्या बाजूला फिरवायचा आणि अण्णांचं बोलणं खायचा.

क्रँक धरून ठेवायचा कॉटर. ही एका बाजूने सपाट उतरती केलेली खीळ. क्रँकच्या भोकातून घालायची, एक्सलच्या खाचेवर बसवायची आणि ठोकायची. दोन्ही कॉटर उलटसुलट दिशेने घालावे लागतात. एकाच दिशेने घातले तर पायंडलं एका रेषेत येत नाहीत. ठोकताना क्रँकखाली लोखंडी पाइपाचा टेकू हवाच, नाहीतर घाव छऱ्र्यांवर जातो आणि वाटीत खळगे पडतात. नट आवळून कॉटर ओढायला गेलात तर आटेच जातात. आणि बाजारातला कॉटर कधीच जसाच्या तसा बसत नसे. अण्णा तो शेगड्यात धरून उतारावर कानस फिरवायचे, घालून बघायचे, काढून पुन्हा दोन हात मारायचे. कारखान्यातून आलेली कसर अशी दुकानात भरून निघे. ओव्हरऑइलिंगला आलेली सायकल त्यांच्या हातून गेली की क्रँक टकटक वाजत नसे.

फ्रान्समधल्या स्ट्राँगलाइटने १९३३ मध्येच कॉटर काढून टाकला होता: एक्सलचं टोक चौकोनी निमुळतं, त्यावर क्रँक बोल्टने आवळायचा. आमच्याकडे ते पोचायला फार वर्षं लागली, काळ्या सायकलीला त्याची गरजही नव्हती.

माझ्या हयातीत खरी उलथापालथ केली ती प्रेस-फिटने. कार्बनच्या फ्रेममध्ये आटे पाडता येत नाहीत; त्यासाठी धातूची नळी चिकटवायची म्हणजे वजन आणि खर्च. त्यापेक्षा गुळगुळीत भोक ठेवा आणि बेअरिंग दाबून बसवा. कॅननडेलच्या बीबी३० मध्ये ४२ मिलिमीटरच्या भोकात बेअरिंग थेट दाबतात, एक्सल ३० मिलिमीटरचा. शिमानोच्या बीबी८६ मध्ये भोक ४१ चं, बेअरिंग प्लास्टिकच्या कपात, एक्सल २४ चा. कारखान्याचं काम सोपं झालं हे खरं.

पण भोक जरा मोठं निघालं तर पायंडल मारताना करकर. जरा लहान किंवा दोन बाजूंची भोकं एका रेषेत नसली, तर क्रँक सारताना एक्सल पलीकडच्या बेअरिंगशी अडतो. मग मी आधी भोकाच्या कडेला रंगाचा थर राहिलाय का बघतो. कप ठोकत नाही. आट्यांच्या दांड्याच्या प्रेसने एकेक बाजू सरळ दाबतो. एक्सलला ग्रीस, रबरी हातोडीच्या हलक्या थापा, बस. तरीही अडला तर कप काढून पुन्हा बसवायचे. जोर केला तर मार बेअरिंगच्या छऱ्र्यांना बसतो. शिमानोच्या डाव्या क्रँकची टोपी १.५ न्यूटन मीटरच्या पुढे आवळायची नाही, बोल्ट १२ ते १४. आणि भोकच वाकडं असेल तर? कार्बनवर अण्णांची कानस चालत नाही. फ्रेम परत पाठवा असं सांगितलं की गिऱ्हाईक माझ्याकडेच संशयाने बघतं, कारण कंपनी दूर असते आणि मी समोर.

२०१५ मध्ये अमेरिकेतल्या क्रिस किंग आणि आर्गोनॉट यांनी टी४७ काढला: प्रेस-फिटएवढंच मोठं भोक, पण आट्यांचं. पुढे ट्रेकनेही तो घेतला. हल्ली फ्रेम घ्यायच्या आधी कुणी सल्ला विचारायला आलं, की मी बीबीला आटे आहेत का ते बघायला सांगतो. रंगाचं नंतर बोलू.