पाकिटावर नसलेली ओळ

चौतीस वर्षे मी शाळेत विज्ञान शिकवले. दगडी कोळशाच्या डांबरातून जांभळा रंग काढणाऱ्या विल्यम पर्किनची गोष्ट मी दरवर्षी वर्गात रंगवून सांगत असे. त्या डांबराचा एक धागा माझ्याच घरात, न्हाणीघराच्या फळीवरल्या पाकिटापर्यंत येऊन पोहोचला आहे, हे मात्र मला कळले ते माझ्या थोरल्या बहिणीमुळे.

आक्काचे केस पंचेचाळिशीत भराभर पिकू लागले. लेकीसाठी स्थळे पाहणे सुरू झाले होते. पाहुण्यांसमोर बसायचे तर केस काळे असलेले बरे, एवढाच तिचा साधा विचार. वाण्याकडे मिळणारी ‘काळी मेंदी’ ती दर महिन्याला लावू लागली. वर्षभराने तिच्या कानशिलाजवळ, केस सुरू होतात त्या रेषेवर, रुपयाएवढा पांढरा डाग उमटला. मग कपाळाच्या कडेने आणखी दोन. घरात मोठ्याने कोणी बोलले नाही, पण ‘कोड’ हा शब्द दबक्या आवाजात फिरला. ठरत आलेले एक स्थळ ‘पत्रिका जुळत नाही’ असा निरोप पाठवून मागे फिरले. पत्रिका तर आधीच जुळली होती.

त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी डाग पाहिले आणि पहिलाच प्रश्न केला, “केसांना काय लावता?”

“मेंदीच की,” आक्का म्हणाली.

“मेंदीने केस तांबूस होतात, काळे होत नाहीत. पाकीट घेऊन या.”

पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत एक नाव होते : पॅराफेनिलिनडायअमीन. डॉक्टर मंडळी त्याला पीपीडी म्हणतात. विज्ञानाचा मास्तर असून मी ते पाकीट कधी उलटून पाहिले नव्हते. त्या अपराधी भावनेतूनच मी या पदार्थाचा इतिहास शोधू लागलो.

१८५६ साली अठरा वर्षांचा पर्किन लंडनमध्ये हिवतापावरचे क्विनाईन कृत्रिमरीत्या बनवू पाहत होता. क्विनाईन साधले नाही, हाती आला जांभळा रंग. टाकाऊ डांबराला एकदम भाव आला आणि त्यातून नवनवे रंग निघू लागले. पर्किनचे गुरू ऑगस्ट हॉफमन यांनी १८६३ मध्ये पीपीडीचा अभ्यास केला. १८८३ मध्ये त्याने केस रंगवण्याचे पेटंट फ्रान्समध्ये घेतले गेले. पॅरिसमध्ये युजीन शुलर या रसायनतज्ज्ञाने १९०७च्या सुमारास आपला कलप तयार केला. १९०९ मध्ये त्याने काढलेली कंपनी पुढे लॉरिआल या नावाने जगभर पसरली.

या कलपाची युक्ती मोठी हुशारीची आहे. पीपीडीचा रेणू लहान आणि मुळात रंगहीन. तो केसाच्या आत सहज शिरतो. हायड्रोजन पेरॉक्साइडशी गाठ पडली की असे रेणू एकमेकांना जोडले जाऊन मोठे आणि गडद होतात. आत गेलेल्या पाहुण्याला मग बाहेर पडता येत नाही, म्हणून धुतल्याने रंग जात नाही. पण केसांच्या मुळाशी त्वचा असते आणि तो लहान रेणू तिथेही शिरतो. काहींच्या शरीराला तो शत्रू वाटतो. मग खाज, सूज, पाणी सुटणे सुरू होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच जर्मनीने केसांच्या रंगात त्याला बंदी घातली होती.

अमेरिकेला जाग यायला १९३३ साल उजाडावे लागले. पापण्या आणि भुवया रंगवण्यासाठी ‘लॅश ल्यूर’ नावाचा रंग तिथे विकला जात होता. त्यातल्या पीपीडीमुळे अनेक स्त्रियांच्या डोळ्यांना भयंकर इजा झाली, काहींची दृष्टी गेली, एकीचा मृत्यू झाला. अशा मालाला आवर घालणारा कायदाच नव्हता. सरकारच्या अन्न व औषध खात्याने मग या स्त्रियांची छायाचित्रे प्रदर्शनात मांडली. अखेर १९३८ मध्ये कायदा आला आणि त्याखाली जप्त झालेला पहिला माल लॅश ल्यूरचाच होता.

पण गंमत अशी, की डांबरापासून बनलेल्या केसांच्या रंगांना त्याच कायद्याने सूट दिली. अट एवढीच, की वेष्टनावर इशारा छापावा : काही व्यक्तींच्या त्वचेचा दाह होऊ शकतो, आधी चाचणी घ्या; पापण्या व भुवयांना लावू नका, अंधत्व येऊ शकते. आपल्याकडच्या नियमांतही पुढे जवळजवळ हीच वाक्ये आली. म्हणजे आक्काच्या पाकिटावरची ती बारीक ओळ कोणा कारकुनाने सहज लिहिलेली नव्हती. तिची किंमत त्या स्त्रियांनी मोजली होती.

आता तुम्ही विचाराल, मग त्वचेचा रंग जाण्याचे काय? ते या इशाऱ्यात नाही. १९३८च्या कायद्याला ते ठाऊकच नव्हते. पुढच्याच वर्षी, १९३९ मध्ये, अमेरिकेत कातडी कमावण्याच्या कारखान्यातील कामगारांच्या हातांवर पांढरे डाग पडल्याची नोंद प्रसिद्ध झाली. दोष निघाला रबरी हातमोज्यांचा. रबर टिकावे म्हणून घातलेले रसायन त्वचेतल्या रंगपेशींना मारत होते. बाहेरून लागलेल्या रसायनाने कोडासारखे डाग पडू शकतात, हे तेव्हा लक्षात आले. पुढे १९९० मध्ये अलाहाबादच्या डॉक्टरांनी टिकलीच्या गोंदातल्या रसायनाकडे बोट दाखवले. २००९ मध्ये कोलकात्याच्या त्वचारोगतज्ज्ञांनी अशा ८६४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सर्वांत मोठा वाटा, सुमारे २७ टक्के, केसांच्या रंगाचा होता. टिकलीचा होता १२ टक्के.

काहींना याच्या उलट होते. कपाळ, कानशिले आणि मान काळवंडते. व्हिएन्नाच्या गुस्ताव रील यांनी १९१७ मध्ये चेहऱ्यावरच्या अशा काळसरपणाचे वर्णन केले, तेव्हा त्यांनी दोष दिला युद्धकाळातल्या निकृष्ट अन्नाला. तोंडाला आणि केसांना लावायच्या वस्तूंवर संशय जायला पुढे बरीच वर्षे लागली.

आक्काने कलप त्याच दिवशी बंद केला. औषधोपचाराने दीड वर्षात दोन डाग भरत आले, कानशिलाजवळचा मात्र राहिला. पुढचे स्थळ आले तेव्हा तिने पहिल्याच भेटीत पदर मागे सारून तो दाखवला आणि कारणही सांगितले. मुलाची आई म्हणाली, “कोड असते तरी काय झाले असते? ते काही लागट नसते.” भाचीचे लग्न त्याच घरात झाले.

कलप लावूच नका, असे सांगायला मी बसलेलो नाही. लाखो माणसे तो लावतात आणि त्यांना काही होत नाही. पण ‘मेंदी’ या शब्दावर विसंबू नका, पाकीट उलटून पाहा. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला आधी थोडा लावून पाहा. भुवयांना तर कधीच नको. आणि ही चाचणी खाज-दाह दाखवते, डाग दाखवत नाही. तो काही महिन्यांनी, कधी कधी खाज न येताही उमटतो. म्हणून केसांच्या कडेला किंवा मिशीखाली त्वचा फिकट अथवा काळसर दिसू लागली, तर रंग तिथेच थांबवा आणि डॉक्टरांना पाकिटासकट भेटा.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)