बाबासाहेब कोन्या रोगाचे डाक्टर होते?

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा समितीचा आग्रह झाला. मी गिरणी कामगार, कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. तेव्हा एका शब्दाविषयी जे वाचलं, ऐकलं, ते मांडतो.

माझी आजी निरक्षर होती. १४ ऑक्टोबर १९५६ ला हिंगणघाटहून नागपूरला जाऊन तिनं दीक्षा घेतली होती. मी चौथीत असताना तिनं मला विचारलं, "कारे, बाबासाहेब कोन्या रोगाचे डाक्टर होते?" मला उत्तर आलं नाही. गुरुजींना विचारलं तर ते हसले. पण हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. आजीनं जन्मभर सुई टोचणारा तेवढाच डॉक्टर पाहिला होता.

डॉक्टर हा शब्द इंग्रजीत लॅटिन भाषेतून आला. त्या भाषेत त्याचा अर्थ शिकवणारा, म्हणजे गुरू. युरोपातल्या जुन्या विद्यापीठांत धर्मशास्त्र, कायदा आणि वैद्यक यांत पारंगत झालेल्याला ही पदवी मिळे. पुढे बोलीभाषेत ती वैद्याला चिकटली आणि गुरू मागे पडला. आपल्याकडे इंग्रजांच्या मागोमाग दवाखाना आला, म्हणून आपल्याला दवाखान्यातलाच डॉक्टर माहीत.

बाबासाहेब जुन्या, खऱ्या अर्थानं डॉक्टर. १९२३ साली लंडनची डी.एस्सी. मिळाली, ती रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधासाठी. कोलंबिया विद्यापीठाची पीएच.डी. रीतसर मिळाली जून १९२७ मध्ये. म्हणजे मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायले आणि तीन महिन्यांत ही पदवी आली! या दोन्ही अभ्यास करून मिळवलेल्या. १९५२ ला कोलंबियानं आणि १९५३ ला उस्मानिया विद्यापीठानं दिल्या त्या सन्मानाच्या. उलट आपण ज्याला डॉक्टरसाहेब म्हणतो त्याची एम.बी.बी.एस. ही कागदावर पाहिली तर बॅचलरची, म्हणजे स्नातकाची पदवी. त्याला डॉक्टर म्हणतात ते रिवाजानं. आजीला हे सांगायचं राहून गेलं.

आमच्या वस्तीतला एक मुलगा चीनला वैद्यकी शिकायला गेला होता. सुट्टीत आला तेव्हा मी त्याला विचारलं, "तिकडे डॉक्टरला काय म्हणतात गा?" तो म्हणाला, "काका, कोणता डॉक्टर? तिकडे दोन येगयेगळे शब्द आहेत." औषध देणारा तो यीशेंग. उत्तरेकडे बोलताना त्यालाच दाइफू म्हणतात. विद्यापीठाची सर्वांत मोठी पदवी घेतलेला तो बोशी. 'बो' म्हणजे विशाल आणि 'शी' म्हणजे विद्वान. दाइफू हा मुळात राजदरबारातल्या अधिकाऱ्याचा हुद्दा, तो पुढे राजवैद्यांना मिळू लागला आणि मग गावच्या वैद्यालाही लोक तसंच म्हणू लागले. आजी चीनमध्ये जन्मली असती तर तिचा घोटाळा झालाच नसता. बाबासाहेब बोशी, विषय संपला.

दाइफू म्हटलं की मला डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. आपल्यासारख्याच गिरण्यांच्या गावचे, सोलापूरचे. जपाननं चीनवर हल्ला केला तेव्हा १९३८ साली काँग्रेसनं पाच डॉक्टरांचं पथक तिकडे पाठवलं. त्यात आपल्या नागपूरचे डॉ. चोळकरही होते. चिनी लोकांनी कोटणिसांचं नाव ठेवलं को दिहुआ. त्यातला 'हुआ' म्हणजे चीन. लोक त्यांना को दाइफू म्हणत. जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करता करता ९ डिसेंबर १९४२ ला हा माणूस तिथंच वारला. वय अवघं ३२.

हा मराठी डॉक्टर परमुलखात परक्यांच्या रक्तात हात घालत होता. आणि त्याच्या नऊ वर्षं आधी इकडे काय चाललं होतं? काठियावाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचं पत्र डिसेंबर १९२९ मध्ये 'यंग इंडिया'त छापून आलं, बाबासाहेबांनी ते पुढे आपल्या लिखाणात घेतलं. त्याची बायको बाळंतीण होती, तापानं फणफणलेली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. मोठ्या मिनतवारीनं आला तर थर्मामीटर त्यानं एका मुसलमानाच्या हातात दिलं. त्यानं ते नवऱ्याला दिलं, नवऱ्यानं बायकोला लावलं, आणि त्याच रस्त्यानं ते परत गेलं. नाडीला हात नाही. बाई गेली. डॉक्टर तोही, आणि कोटणीसही डॉक्टरच! शब्दाला काय माहीत?

चिनी भाषेत आणखी एक अक्षर आहे, त्याचाही उच्चार शीच, पण ते वेगळं. त्याचा अर्थ गुरू. धम्म शिकवणाऱ्या भिक्खूला तिकडे फा-शी म्हणतात. आपण ज्यांना ह्युएनत्संग म्हणतो, त्यांनाही चिनी लोक आदरानं असंच म्हणतात. महायान पंथात भैषज्यगुरू नावाचे एक बुद्ध आहेत, त्यांचं चिनी नाव याओ-शी, म्हणजे औषधाचे गुरू. लॅटिनमधले शिकवणारा आणि इंग्रजीतला औषध देणारा, दोघं तिथं एकाच नावात आले.

आमच्या वस्तीतल्या एका मुलीला मराठीत पीएच.डी. मिळाली. विहारात सत्कार ठेवला, फळ्यावर नावाआधी डॉ. लिहिलं. कार्यक्रम आटोपल्यावर एक म्हातारी तिच्याजवळ गेली न् म्हणाली, "बाई, माह्या गुडघ्याचं काही पाह्य." पोरगी हसली नाही. तिनं म्हातारीचा हात धरून तिला खुर्चीवर बसवलं, बाजूला बसली आणि आपण कायची डॉक्टर आहोत ते तिला समजावून सांगितलं. मग दुसऱ्या दिवशी तिला सेवाग्रामच्या दवाखान्यात घेऊन गेली.